आईचं ‘नको’

रविवारी आमच्याकडे जेवायला येणारी मुलं पुरीला पहिल्यांदा ‘नको काकू’ म्हणत, आणि आई ते ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने दोन पुऱ्या वाढत असे. ही मुलं म्हणजे शिकागोत एम.एस. करायला आलेले इंजिनियर. कुणी पुण्याचा, कुणी नागपूरचा, एखादा आमच्या सांगलीकडचा. आठवडाभर पाव, अंडी आणि डबाबंद राजमा खाऊन ती कावलेली असत. बाबा त्यांना आमच्या उपनगराच्या, नेपरव्हिलच्या स्टेशनवरून गाडीत कोंबून आणत. मग दाराशी बुटांचा ढीग पडे, बुटांवरचा बर्फ वितळून पाणी पायपुसण्यावर साचे आणि घरभर ओल्या लोकरीचा वास सुटे. त्यात तळणीचा वास मिसळला की मुलांचं बोलणं हळूहळू बंद पडायचं. इतकी भूक लागलेली असायची, तरी पुरीचं ताट समोर आलं की ‘नको’.

वाढायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा सोळा वर्षांची, अमेरिकेत येऊन तीन वर्षं झालेली, शाळेत गप्प आणि घरात तोंडाळ. हे नको-नको प्रकरण मला फार वेळखाऊ वाटे. एकदा अभय नावाच्या नागपूरच्या मुलाने ‘नको’ म्हटल्यावर मी सरळ पुढच्या ताटाकडे सरकले. त्याचा चेहरा असा पडला की आईने स्वयंपाकघरातून येऊन त्याला स्वतः तीन पुऱ्या वाढल्या आणि मला आत बोलावलं. “तोंडाकडे बघू नकोस,” ती म्हणाली, “हाताकडे बघ.”

तेव्हापासून मी हात बघायला लागले आणि पाहता पाहता त्यात तरबेज झाले. ज्याचा हात मांडीवरच राहायचा त्याला बिनदिक्कत वाढावं. ज्याचा हात ताटाच्या वर वीतभर अंतरावर, बोटं फाकवून तरंगायचा त्याला एकदा पुन्हा विचारावं आणि बोटांच्या फटीतून वाढावं. ज्याचं खरंच पोट भरलेलं असे तो काही बोलत नसे, पालथा पंजा ताटावर ठेवून पुढे वाकत असे. अभयची तऱ्हा निराळी. तो मान जोरात हलवून ‘नको, खरंच नको’ म्हणे आणि अंगठ्याने ताट दोन बोटं माझ्याकडे सरकवे. त्याला आपण असं करतो हे ठाऊकही नसावं. पुढे तो मोठ्या कंपनीत मोठा साहेब झाला. अजूनही आमच्याकडे आला की ताट सरकवतो. आता मी त्याला चिडवते, पण वाढते.

श्रीखंड मात्र कुणालाही एकदाच वाढलं जाई, कारण ते फार खटाटोपाने होत असे. आजच्यासारखी दहा मिनिटांवर देशी दुकानं नव्हती. आई दुकानातलं पातळ दही बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून बेसिनच्या नळाला रात्रभर टांगायची. वेलची भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आलेली, केशर ओळखीच्या एका डॉक्टर काकूंकडून चिमटीभर. शनिवारी संध्याकाळपासून त्या नळाला कुणी हात लावायचा नाही. दात घासायला सगळ्यांनी वरच्या बाथरूममध्ये जायचं. थेंब पडायचा आवाज येत राही, आणि अजूनही कुठे नळ गळत असला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं.

एका रविवारी बाबांनी ऑफिसातल्या टॉमला जेवायला आणलं. टॉमने चार पुऱ्या खाल्ल्या आणि ‘नो, थँक यू’ म्हणाला. आईने वाढलं. त्याने सभ्यपणे खाल्लं आणि पुन्हा ‘नो, थँक यू’ म्हणाला. आईने पुन्हा वाढलं. सहाव्या-सातव्या पुरीला त्याच्या कपाळावर घाम आला, तेव्हा बाबा म्हणाले, “अगं, तो खरंच नको म्हणतोय.”

“एकेकदाच तर म्हणाला,” आई म्हणाली.

त्यावर मुलं खूप हसली. टॉमला कारण समजावून सांगितलं तेव्हा तोही हसला, पण शेवटपर्यंत त्याचा हात पाण्याच्या ग्लासाभोवतीच होता. म्हणजे त्याचा हात वाचायची काही सोयच नव्हती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, पण त्यातून काही शिकावं एवढी अक्कल नव्हती.

आईने स्वतः आयुष्यात कधी पहिल्या खेपेला ‘हो’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. चहा, नवीन कोट, गोठलेल्या तळ्यावर डोंबाऱ्यासारखं तोल सावरत फिरायला जाणं, कशालाही आधी नकोच. कुणाच्या तरी दारातल्या जुन्या सामानाच्या गराज सेलमध्ये शिलाई मशीन दिसलं तेव्हा बाबांनी विचारलं, “घ्यायचं का?” ती म्हणाली, “नको, कशाला उगाच.” बाबांनी दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा विचारलं. “राहू दे हो, ठेवायचं कुठे?” मग गाडीत बसल्यावर, किल्ली फिरवायच्या आधी, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. ती म्हणाली, “चाक चांगलं आहे त्याचं.” बाबा उतरून मशीन घेऊन आले. त्यांच्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि ते या बाबतीत पूर्ण मुरलेले होते.

त्या मशीनचं महत्त्व कळायला आईचं सांगलीतलं आयुष्य माहीत हवं. आमच्या पुढच्या खोलीत तिचा शिवणक्लास चालायचा. दुपारभर सहा मशीनं खडखडत असत, मुली एकमेकींच्या पाठीची मापं घेत खिदळत असत आणि आई गळ्यात टेप अडकवून त्यांच्यातून हिंडत असायची. गावात निम्म्या नवरीमुलींच्या चोळ्या तिच्या हातच्या. ते सगळं बंद करून ती बाबांच्या मागे इथे आली. इथे बाबा सकाळी सातच्या ट्रेनने शिकागोला जात, मी बसने शाळेत, आणि मागे उरे ती आणि फर्नेस. घर तापवणारा तो फर्नेस दर वीस मिनिटांनी घसा खाकरल्यासारखा सुरू व्हायचा. सकाळी बर्फ ढकलणारा ट्रक रस्ता खरवडत जायचा. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आवाज नाही. तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि नेपरव्हिलमध्ये गाडीशिवाय माणूस म्हणजे खिडकीत ठेवलेली कुंडी. “दिवस खायला उठतो गं,” ती एकदा म्हणाली. मी पुस्तकातून मान वर न काढता “हं” म्हटलं होतं.

मला तेव्हा आणखी एक काम होतं, दुभाष्याचं. आईला इंग्रजी वाचता येई, पण समोरून भराभर आलं की ती बिचकायची. बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, शाळेत पालकांच्या भेटीला, सगळीकडे मी मध्ये उभी. एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाही याचा मला भारी गर्व होता. पुढे हेच माझं पोटापाण्याचं काम झालं. तीस वर्षं मी इस्पितळात मराठी, हिंदी आणि अडीअडचणीला गुजराती रोग्यांसाठी दुभाषी होते. त्या कामाचा पहिला नियम असा की समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही, त्याचं काही गाळायचं नाही. प्रशिक्षणात तो नियम शिकवला तेव्हा बाकीचे लिहून घेत होते आणि मी खाली मान घालून बसले होते. मला मिसेस नोवाकचं दुकान आठवत होतं.

मिसेस नोवाकचं दुकान माझ्या शाळेच्या बसथांब्याच्या वाटेवर होतं, घरापासून चालत बारा मिनिटं. लग्नाचे आणि समारंभाचे ड्रेस अंगाबरोबर करून देण्याचं काम. मार्च अखेरचा शनिवार होता, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडून खचायला लागले होते. मशीनची सुई मोडली म्हणून आई आणि मी तिथे गेलो. दार उघडल्यावर वरची घंटा वाजली, आणि समोर, गोल लाकडी चौरंगासारख्या स्टुलावर, गुलाबी सॅटिनच्या ड्रेसमध्ये लिसा उभी होती.

लिसा माझ्या वर्गात होती. ती वाईट नव्हती, एवढं मी आता म्हणू शकते. वर्षभरात ती माझ्याशी दोनदा बोलली होती, आणि दोन्ही वेळा घरी येऊन मी ते वहीत लिहून ठेवलं होतं. शाळेच्या प्रॉमसाठी, म्हणजे वर्षअखेरच्या नाचाच्या समारंभासाठी, तिचा ड्रेस तयार होत होता. तिच्या पायाशी मिसेस नोवाक गुडघ्यांवर बसून खालचा घेर टाचत होत्या, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. लिसाने मला “हाय” केलं. मीही केलं. मग ती कपडे बदलायला पडद्यामागे गेली, आणि मिसेस नोवाक टेबलाचा कोपरा धरून, दोन टप्प्यांत उठल्या.

त्या साठीच्या होत्या, लहानपणी पोलंडहून आलेल्या. त्यांनी सुया काढून दिल्या आणि पैसे घेता घेता त्यांची नजर माझ्या कोटाच्या बाहीवर गेली. तो कोट आईने बाबांचा जुना कोट उसवून, कापड उलटून शिवला होता. मिसेस नोवाकनी न विचारता माझी बाही उलटी केली, अस्तराच्या शिवणीवरून बोट फिरवलं, मग कॉलर उलटून बघितली.

“हे कुणी केलं?”

“माझ्या आईने.”

त्यांनी आईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाल्या, “तिला विचार, माझ्याकडे काम करेल का. आठवड्याचे चार दिवस, दहा ते दोन. आत्ता प्रॉमचे ड्रेस आहेत, मग जूनपासून लग्नांचे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत.”

हे मी मराठीत जसंच्या तसं सांगितलं, गुडघ्यांसकट. आईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने पदर सारखा केला. “छे छे, नको,” ती म्हणाली, “मला कुठे एवढं येतंय. त्यांचं काम किती बारीक असतं.”

काउंटरवर लिसाच्या ड्रेसचं कापून उरलेलं गुलाबी सॅटिन पडलं होतं. आईचा हात त्यावर होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तिने त्याची कड धरली होती आणि विणीची दिशा बघावी तशी हळूहळू चाचपत होती. ‘नको’ म्हणताना ती थांबली नाही, म्हणून झाल्यावरही थांबली नाही. मी तो हात बघितला. चांगला स्पष्ट बघितला. शंकेला जागाच नव्हती, अभयच्या अंगठ्यापेक्षा ते सोपं होतं. नुसतं ‘तिला आवडेल, पण ती संकोचतेय’ एवढं म्हणायचं होतं, किंवा आईकडे वळून ‘अगं, जायचंय का खरंच?’ एवढं.

पण पडद्याखाली लिसाचे पाय दिसत होते. आणि मला दिसलं ते असं, की स्टुलावर लिसा उभी आहे, मग तिच्या मैत्रिणी एकेक करून, आणि त्यांच्या पायांशी गुडघ्यांवर माझी आई, नऊवारी नसली तरी पाचवारीतली, तोंडात टाचण्या धरून. आमच्यात पायाशी कोण बसतं, हे मला ठाऊक होतं. सोमवारी शाळेत कोण काय म्हणेल, तेही ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

“शी सेज नो,” मी म्हटलं. “शी सेज शी कान्ट डू इट दॅट वेल.”

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढे माझ्या परीक्षकांनीही त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मिसेस नोवाकनी मान डोलावली, “दॅट्स अ पिटी” म्हणाल्या आणि सुयांची पुडी आईच्या हातात दिली. आईने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग सॅटिनवरचा हात काढून घेतला. घरी येताना ती बर्फाचे ढीग चुकवत माझ्या एक पाऊल मागे चालत होती. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, “दुकान छान ठेवलंय बाईंनी.” मी हो म्हटलं.

पुढचे पाच-सहा आठवडे मला दिवसांच्या हिशेबात आठवत नाहीत, आवाजात आठवतात. दुपारी बसमधून उतरून मी घराशी आले की बाहेरूनच मशीनचा आवाज ऐकू येई, आणि मी पायरीवर पाय ठेवला की तो बंद होई. आई दाराशी येऊन उभी राही. माझ्या हातातलं दप्तर घेई. “आज कुणी भेटलं का गं?” ती विचारायची. मी “नाही” म्हणे. ती क्षणभर तशीच थांबे, माझ्या तोंडाकडे बघे, आणि मग चहा टाकायला जाई. मला वाटे, ती मिसेस नोवाकच्या निरोपाची वाट बघतेय. बाई पुन्हा विचारतील, वाटेत गाठून मुलीजवळ सांगतील. साहजिकच होतं, रीतच तशी. म्हणून मी शाळेतून येताना दुकानासमोरचा फुटपाथ सोडून पलीकडून चालायला लागले. कुणी भेटायलाच नको.

ती तयारीही करत होती. बाबांच्या फाटक्या जाकिटाचं अस्तर काढून त्यावर केसासारखी बारीक दुमड घालायचा सराव करी, उसवी, पुन्हा घाली. एकदा जेवताना तिने बाबांना विचारलं, “इथे बायका कामावर जाताना साडी चालते का हो?”

“कुठल्या कामावर?” बाबा म्हणाले.

“सहज विचारलं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताकाचं भांडं उचललं. दुकानातलं बोलणं आम्ही दोघींनीही त्यांना सांगितलं नव्हतं. आईने का सांगितलं नाही, याचा मी विचारच केला नाही. माझं मला पुरेसं होतं. रविवारी वाढताना मुलांच्या हातांकडे बघायला नको वाटे.

प्रॉम होऊन गेला. त्यानंतरच्या सोमवारी लिसा तिसऱ्यांदा माझ्याशी बोलली. थंडी परतली होती म्हणून मी तोच कोट घातला होता. तिने माझी बाही चिमटीत धरली. “हा तो कोट का? मिसेस नोवाक सगळ्यांना सांगत असतात या कोटाबद्दल. माझी मॉम म्हणते, असं कुणी आम्हाला मिळालं तर काय हवं.” आणि ती गेली. तिच्या बोलण्यात चेष्टेचा मागमूस नव्हता. ज्या भीतीपायी मी एवढं केलं, ती माझीच मी बसून विणलेली होती. हे मी वहीत लिहिलं नाही.

त्याच दुपारी मी दुकानात गेले. खिडकीजवळच्या मशीनवर एक तरुण बाई बसली होती, पायाशी पांढऱ्या कापडाचा ढीग. तिला बघूनच मला कळलं, तरी मी बोलले. “माझ्या आईला खरं तर काम करायचं होतं.”

“पण तिने नाही म्हटलं,” मिसेस नोवाक म्हणाल्या. “तूच सांगितलंस.”

“ती पहिल्यांदा नेहमीच नाही म्हणते. आमच्यात तसंच असतं. पुन्हा विचारायचं असतं.”

त्यांनी चष्मा काढून गळ्यातल्या साखळीवर सोडला. “एका मोठ्या बाईने मला नाही म्हटलं,” त्या सावकाश म्हणाल्या, “आणि मी परत विचारलं, तर तिच्या शब्दाला किंमत दिली नाही असं नाही का होत?”

मला टॉम आठवला, त्याच्या कपाळावरचा घाम आठवला. पुढे इस्पितळात हे मी शेकडो वेळा बघितलं. डॉक्टर विचारतो, वेदना कमी करायचं औषध हवंय का, आणि सत्तरीचे काका दातांवर दात दाबून ‘नको’ म्हणतात. डॉक्टर मान डोलावून पुढे जातो, कारण तो काकांचा मान राखतोय. काका मनात म्हणतात, काय कोरडा माणूस आहे. दोघेही सभ्य असतात आणि काका तळमळत राहतात. मी नियम मोडून म्हणायची, “डॉक्टर, कृपा करून अजून एकदा विचारा.” त्याबद्दल मला दोनदा समज मिळाली होती, लेखी.

मिसेस नोवाकनी शेवटी एकच गोष्ट विचारली. “तुला हे ठाऊक होतं, तर त्याच वेळी का नाही बोललीस?” उत्तरासाठी त्यांनी ताणून धरलं नाही. आत जाऊन त्यांनी सॅटिनच्या तुकड्यांचं एक गाठोडं आणलं, सगळ्या रंगांचे तुकडे, आणि आईला द्यायला सांगितलं. आता माणूस ठेवलाय, म्हणाल्या, तिला कसं काढणार.

घरी आले. मशीन थांबलं, आई दाराशी आली. “आज कुणी भेटलं का?”

“मिसेस नोवाकनी हे दिलंय तुला.”

तिने गाठोडं घेतलं. “आणि?”

“आणि काही नाही.”

“बरं,” आई म्हणाली. तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी पायरीवर आले तेव्हा मशीन थांबलं नाही. त्यानंतर कधीच थांबलं नाही. मी आपली आपण दार उघडून आत येऊ लागले.

आई पुढे गाडी शिकली, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला पोरींच्या नऊवाऱ्या शिवून देऊ लागली, आमच्या तळघरात शनिवारी तिचा शिवणक्लासही काही वर्षं चालला. ती दुःखात वगैरे गेली असं मी म्हणणार नाही. पण दुकान ते दुकान. तिथे तिला कुणी ‘काकू’ म्हणून नसतं बोलावलं, तिच्या हाताकडे बघून बोलावलं असतं. ते गेलं, आणि ते मी घालवलं. बाबा गेले तेव्हाही मी त्यांना हे सांगितलं नव्हतं.

हे प्रकरण लिहायला घेतलं आणि वाटलं, छापून आलेलं आईने वाचण्यापेक्षा आधी आपण सांगितलेलं बरं. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे, माझ्याकडेच असते. मशीन तिच्या खोलीत खिडकीशी आहे, त्यावर मिसेस नोवाकच्या तुकड्यांचं शिवलेलं झाकण, गुलाबीचा एक चौकोन मधोमध. परवा दुपारी ती माझ्या नातीच्या पॅंटचा पाय दुमडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. पडदा, लिसाचे पाय, मी बघितलेला तिचा हात, मी बोललेलं वाक्य.

तिने टाका पुरा केला. “माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“तू काय सांगितलंस ते. ‘नो’ म्हणजे काय, एवढं इंग्रजी मला तेव्हाही येत होतं.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तू त्या पडद्याकडे बघत होतीस. म्हटलं, पोरीला नकोय. कारण असेल काहीतरी.”

“पण मग एवढे दिवस वाट कशाला बघत होतीस? त्या बाई विचारणार नाहीत हे तुला कळलं होतं ना?”

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं लोकांचं बोलणं लोकांना समजावून देणाऱ्या आपल्या मुलीला एवढंही कळू नये, याचं तिला खरंच नवल वाटत होतं. “त्यांची कुठे बघत होते,” ती म्हणाली. “तुझी बघत होते. एकदा विचारशील म्हणून.”

फर्नेस सुरू झाला. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं. मग मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“आई,” मी विचारलं, “तुला जायचं होतं का गं तिथे कामाला?”

“हो,” आई म्हणाली.

पहिल्याच खेपेला म्हणाली, आणि दोरा तोडायला वाकली.